रेशमी गोष्टीला हुंकार कोण देणार?

पुण्यात शिकायला आलेला एक सोमाली मुलगा दोन वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. एकदा माझ्या नातीने त्याला जिन्यातच अडवलं आणि ‘तुमच्याकडच्या राक्षसिणीची गोष्ट सांग’ म्हणून हट्ट धरला. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसला आणि डेगडेरची गोष्ट सुरू केली. ‘डेग’ म्हणजे कान, ‘डेर’ म्हणजे लांब. लांब कानाची ही बाई दूरवरची पावलं ऐकते, वाटसरूंना धरते आणि खाते. गोष्ट हिंदी-इंग्रजीत अडखळत चालली होती. मुली तिच्या तावडीतून सुटतात कशा, हे त्याला नीट आठवेना. ‘झोपेत तिच्या कानात उकळतं तेल ओततात, बहुतेक,’ असं म्हणून त्याने तो भाग उरकला. मग शेवट आला आणि त्याची मान एकदम ताठ झाली. सोमालीत, तालात, एका दमात तो म्हणाला: ‘डेगडेर डिमताय, डुलकी नबदाय.’ डेगडेर मेली, मुलूख शांत झाला. (रोमन लिपीत हा आवाज ते ‘डी-एच’ असा लिहितात, पण उच्चार आपल्या ‘ड’चाच. आणि ‘डुलकी’ म्हणजे तिकडे ती भूमी. आपल्या डुलकीशी तिचं काही नातं नाही, पण हे वाक्य ऐकल्यावर पोरांना झोप लागत असणार एवढं नक्की.)

गोष्ट विसरली होती, ओळ राहिली होती. सोमाली मौखिक परंपरा पुढच्या पिढीकडे कशी न्यायची यावर हल्ली बरंच बोललं जातं. त्या बोलण्यात मला जे खटकतं ते या जिन्यात नेमकं दिसलं. सगळे ‘परंपरा’ असा एकच शब्द वापरतात, पण प्रत्यक्षात त्या दोन आहेत, कविता आणि गोष्ट. दोघींची जगण्याची रीत वेगळी आणि मरण्याचीही. आजवर जे उपाय झाले ते बहुतेक कवितेच्या मापाने बेतलेले आहेत, आणि गोष्टीच्या अंगावर ते बसत नाहीत.

आधी कविता. मुंबईच्या फौजेतला अधिकारी रिचर्ड बर्टन १८५४ मध्ये एडनहून सोमाली किनाऱ्यावर उतरला. (हा किनारा पुढे ब्रिटिशांकडे गेल्यावर १८९८ पर्यंत त्याचा कारभार एडनमधूनच चाले, आणि एडन मुंबई इलाख्याला जोडलेलं होतं. तेव्हा आपला संबंध अगदीच लांबचा नाही.) बर्टनने लिहून ठेवलंय की हा देश कवींनी गजबजलेला आहे आणि इथे प्रत्येकाची साहित्यातली जागा इतकी पक्की ठरलेली आहे, जणू शंभर वर्षं मासिकांतून त्याची परीक्षणं येत असावीत. ज्या भाषेला १९७२ पर्यंत अधिकृत लिपी नव्हती, तिच्याबद्दल हे लिहिलं गेलंय.

लिपी नसताना हे जमलं ते नियमांमुळे. ‘गबय’ हा पुरुषांचा भारदस्त काव्यप्रकार घ्या. ओळीचे दोन तुकडे. प्रत्येक तुकड्यात निदान एक शब्द ठरलेल्या ध्वनीने सुरू व्हायला हवा. आणि तो ध्वनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बदलायचा नाही, कविता शंभर ओळींची असली तरी. आपल्याकडे अनुप्रास हा दागिना असतो, तिकडे तो घराचा खांब आहे. एखादा शब्द कोणी चुकून बदलला तर कानाला लगेच खडा लागतो. वृत्ताचं गणितही असंच काटेकोर, पण ते कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कवी मोहम्मद हाशी डमा, म्हणजे ‘गारिये’, यांनी १९७६ मध्ये वर्तमानपत्रातल्या लेखांतून ते उलगडून दाखवलं. तोवर उंट राखणारी निरक्षर माणसं ते केवळ कानाने पाळत आली होती. शिवाय दुसऱ्याची कविता म्हणून दाखवणाऱ्यावर दोन बंधनं असत. मूळ कवीचं नाव आधी सांगायचं, आणि शब्द जसेच्या तसे ठेवायचे. छापखान्याशिवायचा हा स्वामित्वहक्क होता, आणि मला वाटतं आपल्या आजच्या व्हॉट्सअ‍ॅपी कवितांपेक्षा जास्त पाळला जात होता.

म्हणूनच सय्यद मोहम्मद अब्दुल्ले हसन यांचं काव्य टिकलं. १८९९ पासून १९२० पर्यंत ते ब्रिटिशांशी लढले. १९१३ मध्ये त्यांच्या दर्विशांनी, म्हणजे लढवय्या अनुयायांनी, रिचर्ड कॉरफील्ड या अधिकाऱ्याला मारलं, तेव्हा त्यांनी त्या मेलेल्या माणसालाच उद्देशून कविता रचली: परलोकात गेलास की तुला कसं मारलं ते तिथल्यांना नीट सांग. अशा कविता लोकांच्या तोंडी राहिल्या, जामा उमर ईसे यांनी त्या माणसांकडून ऐकून गोळा केल्या आणि १९७४ मध्ये त्यांचा संग्रह छापून निघाला. कवी जाऊन तेव्हा अर्धशतक उलटलं होतं.

वाहन बदलायलाही कवितेला कधी अडचण आली नाही. १९४०च्या दशकात बोरामा भागात अब्दी ‘सिनिमो’ नावाचा एक लॉरी ड्रायव्हर होता. त्याची गाडी वाटेत बंद पडली आणि तिथेच त्याला ‘बल्वो’ सुचलं असं सांगतात. बल्वो म्हणजे दोन-चार ओळींचं प्रेमाचं तुकडेगाणं. जुन्या कवींनी नाकं मुरडली, धर्मगुरूंनी निषेध केला. त्याच बल्वोतून पुढे ‘हेल्लो’ हा गाण्याचा प्रकार आणि अख्खं आधुनिक सोमाली गाणं जन्माला आलं. मग रेडिओ आला: हर्गेसा, मोगादिशू, आणि १९५७ पासून बीबीसीची सोमाली सेवा. मग कॅसेट. १९७९ मध्ये गारियेंनी टोळीवादावर टीका करणारी एक कविता ‘द’ या ध्वनीवर रचली. तिला कवी हद्रावींनी ‘द’वरच उत्तर दिलं आणि मग एकामागून एक कवी त्या वादात उतरले. ‘देल्ले’ नावाची ही काव्यमालिका सियाद बर्रेच्या हुकूमशाहीत सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून, कॅसेटवरून कॅसेट भरत देशभर फिरली. हद्रावी त्याआधी पाच वर्षं तुरुंगात काढून आले होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कॅसेटची किंमत कळते.

१९८८ मध्ये बर्रेच्या विमानांनी देशाच्याच उत्तरेतल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब टाकले. शहरच्या शहर जमीनदोस्त होत असताना रेडिओच्या टेपा लोकांनी उचलून सुरक्षित ठिकाणी हलवल्या. आज हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात दहा हजारांवर कॅसेट जमा आहेत. गाणी, नाटकं, कविता, शिवाय परदेशी गेलेल्यांनी घरच्यांना पत्राऐवजी पाठवलेले आवाज. २००८ पासून तिथे दरवर्षी पुस्तकजत्राही भरते. हे सगळं मोठं काम आहे आणि त्याला नावं ठेवायचा माझा अजिबात इरादा नाही. पण टेप कोणाला वाचवू शकते? जिच्यात शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे तिला. कवितेचं मर्मच शब्द न हलण्यात आहे. टेप तेच करते.

गोष्टीचं उलट आहे. ‘शेको’, म्हणजे गोष्ट, तिला कवी नाही, त्यामुळे आधी नाव सांगायचा प्रश्न नाही. तिचे शब्द ठरलेले नाहीत. प्रत्येक आजी ती आपल्या मापाने सांगते, समोर कोण बसलंय ते बघून. सांगणारी म्हणते, ‘शेको, शेको!’ पोरं ओरडतात, ‘शेको हरीर!’ गोष्ट, गोष्ट! रेशमी गोष्ट! आपल्या कहाणीचा शेवट साठा उत्तरांची पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण असा बांधलेला असतो, आणि तो सांगणारीच म्हणते. तिकडे सुरुवात बांधलेली आहे आणि तिचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या तोंडी आहे. पोरं ओरडली नाहीत तर गोष्ट सुरूच होत नाही.

वील वालची गोष्ट बघा. वील वाल हा एकोणिसाव्या शतकात, आज इथिओपियात असलेल्या जिगजिगा भागात होऊन गेलेला सरदार, पण लोकांनी त्याला कोड्यांचा राजा करून टाकलंय. त्याने एकदा मुलखातल्या सगळ्या पुरुषांना हुकूम सोडला: मेंढीचा असा भाग आणा, जो माणसांना एकत्र आणू शकतो आणि त्यांच्यात वैरही लावू शकतो. एका गरिबाकडे एकच मेंढी आणि घरात पोरांचं लटांबर. त्याने ती कापली आणि चांगली फरी दरबारात न्यायला निघाला. थोरली मुलगी म्हणाली, बाबा, नरडं न्या. बापाला लाज वाटली. सरदारापुढे नरडं टाकायचं? दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी मांड्या, काळीज, कलेजी अशी रास लावली, आणि हा सगळ्यांच्या शेवटी, पिशवीत हात घालून उभा. वील वालने बाकी सगळं बाजूला सारून नरडं उचललं. हावरटपणा तिथूनच जातो आणि वाटून खाणंही तिथेच ठरतं. मग त्याने विचारलं, हे तुला सुचलं नसणार, कोणी सांगितलं?

मी ही गोष्ट इथे दहा-बारा ओळींत सांगितली आणि मारून टाकली. कारण ‘असा कोणता भाग?’ या प्रश्नापाशी सांगणारीने थांबायला हवं. पोरांनी जीभ, डोळे, शेपूट असं काहीबाही सुचवायला हवं, आजीने प्रत्येक उत्तराची टिंगल करायला हवी, आणि एखादं उत्तर नरड्यापेक्षा बरं निघालं तर त्यावर भांडणही व्हायला हवं. छापल्यावर किंवा टेपवर घेतल्यावर ती जागा बुजते. टेपमध्ये आजी थांबते खरी, पण तिच्या थांबण्याला उत्तर देणारी पोरं कोणत्या तरी जुन्या संध्याकाळची असतात.

१९५०च्या दशकात सोमाली अभ्यासक मुसा गलाल यांनी लोककथा लिहून काढल्या आणि पोलिश भाषापंडित आंद्रेयेव्स्की यांच्या संपादनाखाली त्या १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सोमाली वस्तीच्या मिनेसोटा राज्यात डेगडेर, वील वाल वगैरेंची द्वैभाषिक चित्रपुस्तकं निघाली, एका पानावर सोमाली आणि इंग्रजी दोन्ही. सुंदर पुस्तकं आहेत. पण अशा पुस्तकाचा एक परिणाम काढणाऱ्यांच्या मनात नसतानाही होतो. पुस्तकातली गोष्ट ‘खरी’ ठरते आणि आजीची ‘चुकीची’. पोर पान उघडून म्हणतं, आजी, इथे असं नाही लिहिलंय. आणि आजी, जिने आयुष्यात कधी गबय रचला नाही, जिचं नाव कुठल्याही टेपवर नाही, ती बहुधा गप्प बसते.

यात बायकांचा प्रश्न दडलेला आहे. सोमाली समाज स्वतःला कवींचं राष्ट्र म्हणवतो. पण त्या अभिमानात मोजली जाते ती मुख्यतः पुरुषांची, चार लोकांत उभं राहून, नावानिशी म्हटलेली कविता. बायकांचा ‘बुरानबुर’ हा स्वतंत्र काव्यप्रकार कित्येक दशकं दुय्यम धरला गेला. चटया विणताना, ताक घुसळताना, धान्य कांडताना म्हणायची गाणी अभ्यासकांनी ‘हेस’ या खालच्या खणात टाकली. गोष्ट तर त्याही खाली, पोरांना झोपवायची वस्तू. ज्याला साहित्य म्हटलं नाही त्याच्यासाठी माइक कोण लावणार? आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं ते आठवावं. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून बायकांकडून हजारो ओव्या उतरवून घेतल्या म्हणून त्या आज आहेत, पण तोवर खेड्याखेड्यांत पिठाची गिरणी आली होती आणि पहाटेचं जातं थांबलं होतं. ओवी वाचली, ओवीची वेळ गेली.

तर आता वेळेचंच बोलू. सोमाली माणसाकडे स्मरणशक्ती उरली नाही असं कोणी म्हणालं तर मी मानणार नाही. मिनिआपोलिस असो, लंडन असो की नैरोबीचं ईस्टली, सोमाली मुलं शनिवार-रविवारी ‘दुगसी’त, म्हणजे कुराणशाळेत जातात आणि पानंच्या पानं, काना-मात्रा न चुकवता पाठ करतात. दोन-दोन नोकऱ्या करणारे आईबाप त्यासाठी फी भरतात, मुलांना पोहोचवायला जातात. त्यासाठी आठवड्यात तास राखून ठेवलेला आहे, शिकवणाऱ्याला पैसे आहेत, आणि तास बुडवला तर विचारणारं कोणी आहे. गोष्टीसाठी यातलं काहीच नाही. पूर्वी तिला वेगळा तास लागत नव्हता. गुरं आवारात आली, दूध काढून झालं की रात्र तिचीच होती. ती रात्र आता फ्लॅटमध्ये राहत नाही. खुद्द सोमालियातही २०२०च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले आणि किती तरी कुटुंबं उरलीसुरली गुरं सोडून शहराकडेच्या छावण्यांत आली. तिथे आजी आहे, नातवंडं आहेत, अंधारही आहे, पण पाण्याच्या रांगेतून परतलेल्या बाईला ‘शेको, शेको’ म्हणायचं त्राण असेलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जतनाच्या नावाने जो पैसा जमतो, त्यातला मोठा वाटा यंत्रांऐवजी माणसांच्या तासांवर खर्च व्हावा. शाळेत, वाचनालयात, छावणीतल्या वर्गात सोमाली आजीला बोलवा, तिला शिक्षकासारखं मानधन द्या, आणि तिच्याकडून रेकॉर्डिंग मागू नका, गोष्ट मागा. स्वीडनमध्ये निदान पाच मुलं असली आणि शिक्षक मिळाला तर नगरपालिकेने मातृभाषेचा वर्ग चालवावा असा नियम आहे, आणि सोमाली मुलांना त्याचा लाभ मिळतो. शेजारच्या डेन्मार्कने २००२ मध्ये युरोपीय संघ आणि त्याच्याशी जोडलेल्या देशांबाहेरच्या मुलांसाठीची ही जबाबदारी नगरपालिकांवरून काढून टाकली. दोन शेजारी देश, सोमालियातल्या एकाच यादवी युद्धातून पळालेली कुटुंबं, आणि एकीकडच्या पोरांच्या वेळापत्रकात सोमालीसाठी जागा आहे, दुसरीकडे ती आईबापांच्या सवडीवर सोडलेली. हा सरकारी निर्णयाचा प्रश्न आहे, नुसत्या भावनेचा नाही. स्वीडनमध्येही मी एक बदल सुचवीन: त्या वर्गात व्याकरणाआधी गोष्ट ठेवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पैसे घेऊन सांगितलेली गोष्ट आजीची राहते का? दुगसीच्या मौलवीला फी दिली म्हणून कुराणाची किंमत कमी झाली नाही, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मुलांना सोमाली धड येतच नाही. अर्धी वाक्यं इंग्रजीत, उंटासाठी एकच शब्द, जिथे आजीकडे डझनावारी. इथेही कविता आणि गोष्ट यांत फरक करायला हवा. गबय रचायला एका ध्वनीने सुरू होणारे शेकडो शब्द जिभेवर लागतात, मिनेसोटातल्या दहा वर्षांच्या मुलाला ते जमणार नाही. त्याने कवितेपासून सुरुवात केली तर तो लाजेल आणि पळेल. गोष्टीला ‘शेको हरीर’ एवढे दोन शब्द पुरतात. पुढची गोष्ट खिचडी भाषेत सांगा, हरकत नाही. सुरुवातीची हाक आणि डेगडेर मेल्याची ओळ सोमालीत ठेवा. शुद्धतेचा आग्रह धरणारे याला नाकं मुरडतील. बल्वोलाही मुरडली होती.

शुद्धतेचं आणखी एक अंग आहे, त्याबद्दल उघड बोललं जात नाही. १९७२ मध्ये लिपी ठरली, १९७४-७५ मध्ये हजारो शाळकरी मुलं खेड्यापाड्यांत अक्षर शिकवायला पाठवली गेली, हे खरोखर थक्क करणारं काम होतं. पण जी सोमाली लिहिली गेली ती उत्तरेच्या आणि मध्यभागाच्या पशुपालकांची. जुब्बा आणि शबेले या नद्यांमधल्या शेतकऱ्यांची ‘माय’ बोली बाजूला पडली. तिथले ‘लाशिन’, उभ्या उभ्या रचणारे कवी, ‘कवींच्या राष्ट्रा’च्या गौरवगीतात क्वचितच येतात. उद्या कोणी अधिकृत सोमाली गोष्टींची यादी केली, तर त्यात नदीकाठच्या किती असतील? यादी करण्यापेक्षा सांगणाऱ्या वाढवाव्यात असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण.

राहिला प्रश्न की सगळंच जपायचं का. गबयात टोळीटोळीचं वैर शतकभर धगधगत ठेवणाऱ्या मालिका आहेत. १९२०च्या दशकात सुरू झालेल्या एका मालिकेचं नावच ‘गुबा’, म्हणजे चटका देणारी. आणि गोष्टींत अर्रावेलो आहे, पुरुषांना खच्ची करणारी राणी, जिची कथा पिढ्यान् पिढ्या बाईच्या हाती सत्ता दिली की काय होतं याचा दाखला म्हणून सांगितली गेली. पुरुष जाताना तिच्या कबरीवर दगड मारतात, बायका फुलं किंवा हिरव्या फांद्या ठेवतात, असं सांगतात. कवितेतला चटका बदलता येत नाही, कारण शब्द हलवायचे नाहीत. त्याला दुसऱ्या कवितेने उत्तरच द्यावं लागतं, देल्लेमध्ये दिलं तसं. अर्रावेलोचं मात्र आताच्या सोमाली मुलींनी काय केलंय बघा. कित्येक जणी तिला आपली म्हणतात, पुरुषांच्या सत्तेला प्रश्न विचारणारी पहिली बाई म्हणून तिची गोष्ट सांगतात. गोष्टीला कोणाची परवानगी लागली नाही. सांगणारी बदलली, गोष्ट फिरली.

आमच्या जिन्यातल्या मुलाने त्या रात्री आईला व्हॉइस मेसेज पाठवून विचारलं होतं, मुली डेगडेरच्या हातून नेमक्या कशा सुटतात. दोन दिवसांनी त्याने नातीला हाक मारली आणि फोन पुढे धरला. आई हर्गेसाहून जवळजवळ चार मिनिटं बोलत होती: तेल नाही, उकळतं पाणी, आणि ते ओततं कोण, तर डेगडेरची स्वतःची मुलगी. त्याखाली मोठ्या मावशीचा मेसेज होता, लंडनहून. पाणीबिणी काही नाही, एक विधवा आणि तिचा मुलगा पळत होते, त्यांचा पाठलाग करताना ती मेली, तुझ्या आईला लहानपणापासून सगळ्या गोष्टींत मुलगीच शहाणी हवी असते. त्याखाली पुन्हा आईचा. तो तिसरा मेसेज त्याने आम्हाला ऐकवला नाही, नुसता हसत राहिला. नातीने तेवढ्यात ठरवून टाकलं होतं की कानात कापूस घालून कान बंद केला असता तरी चाललं असतं, आणि तो तिचं म्हणणं सोमालीत आईला सांगायला फोनचं बटण दाबून बसला.